गोधडीतील इतिहास

फैजपूरचे नाव इतिहासात आले ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून नगर सजविले. नाताळच्या दिवशी गांधीजींनी खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन केले. सुताचा तेथे मोठा गौरव झाला. त्या सुताचे अखेरचे रूप म्हणजे गोधडी. तिची नोंद मात्र इतिहास सहसा ठेवीत नाही.

खानदेश कापसाचा मुलूख, तरीही गरिबाघरी चिंधी वाया जात नसे. विरलेले लुगडे धुऊन अंथरायचे, त्यावर धोतराचे, परकराचे तुकडे मांडायचे आणि धावदोरा घालीत जायचे. थरांत कोंडलेल्या हवेने ऊब येते.

ही कला आपल्या ख्रिस्ती समाजासही परकी नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी भगिनी ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यांवर कापडी ‘फुले’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. त्यांच्यातील ख्रिस्ती स्त्रिया कधी क्रूसही जोडतात.

धर्मग्रामाच्या मृत्यू-नोंदवहीत आम्ही आजीचे नाव व तारीख लिहितो. तिचे लुगडे नातवाच्या पांघरुणात असते. जुनी गोधडी टाकण्यापूर्वी कोणता तुकडा कोणाचा, एवढे तरी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, ही आमची विनंती.