नियमाच्या पोटात तोच नियम

देहूजवळचे तळवडे हे गाव आता तेथील सॉफ्टवेअर पार्कमुळेही ओळखले जाते. या दोन शेजाऱ्यांना जोडणारा एक प्रश्न आपण घेऊ. देहूत 'विठ्ठल विठ्ठल' असा घोष चालतो. तो किती वेळा होईल हे आधी सांगता येत नाही. मग असा घोष संगणकाने ओळखावा यासाठी नियम कसा लिहायचा? एकदा, दोनदा, तीनदा असे वेगळे नियम लिहू लागलो, तर यादी संपणारच नाही.

दोन नियम मात्र पुरतात :
(१) एकटा 'विठ्ठल' हा घोष होय.
(२) घोषापुढे आणखी एक 'विठ्ठल' आला, तर तोही घोषच.

दुसऱ्या नियमात 'घोष' हे नाव पुन्हा येते. म्हणून आवृत्तीला मर्यादा राहत नाही. पहिला नियम नसेल, तर घोष सुरूच होणार नाही.

संगणकाच्या भाषांसाठी ही पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली. १९६० च्या 'अल्गॉल ६०' अहवालात पीटर नाउर यांनी ती वापरली. १९६७ मध्ये इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवले, की तिला 'पाणिनी-बॅकस रूप' म्हणावे.

पाणिनीच का? अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रे आहेत. त्यांतील एका सूत्राने (१.२.४६) समासालाही 'प्रातिपदिक' हीच संज्ञा मिळते. म्हणून तयार झालेला समास पुन्हा नव्या समासात जाऊ शकतो : देवालय, देवालयद्वार, देवालयद्वाररक्षक. आपल्या घोषाचीच ही रीत!

पण याचा अर्थ बॅकस यांनी पाणिनीकडून उसने घेतले, असा नव्हे. पाणिनीचा हेतूही वेगळा होता : शुद्ध शब्द कसा घडतो ते सांगणे. संगणकाला उलट काम असते : समोर आलेला मजकूर नियमात बसतो का, हे तपासणे. तेथे एक नवीच अडचण येते. घोष ओळखण्यासाठी आधी घोष शोधायचा, त्यासाठी पुन्हा घोष. साधा प्रोग्रॅम एकही शब्द न वाचता गरगरत राहतो. उपाय सोपा आहे. दुसरा नियम फिरवून '"विठ्ठल", आणि त्यापुढे घोष' असा लिहावा. आता प्रत्येक फेरीत एक शब्द वाचला जातो आणि शब्द संपले की काम थांबते.

'संस्कृत हीच संगणकाची भाषा' असे वर्गात सांगण्यापेक्षा मुलांना हे दोन नियम लिहायला द्यावेत. पाणिनीची थोरवी त्यांना स्वतःच्या हाताने कळेल.