काडीवरचा डोळा

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी पिंपळगाव बसवंतला मामांकडे गेलो होतो. ऑक्टोबरची छाटणी चालू होती. मामा एकेक काडी हातात धरून डोळे मोजत होते आणि मागून गडी कात्री चालवत होता. (शहरातल्या मंडळींसाठी: काडीवर पेराशी जो कोंब दबून बसलेला असतो तो डोळा. त्यातूनच पुढची फूट आणि घड येतो.) मी विचारलं, "मामा, ही कोणती?" म्हणाले, "सोनाका. पलीकडची थॉम्सन. तशी दोन्ही एकच रे."

हे "तशी दोन्ही एकच" माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर वाचत बसलो, आणि मामांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

नाशिकची द्राक्षं म्हणजे परंपरागत काहीतरी, असा माझा समज होता. तसं नाही. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षबाग लावली, तिथून ही गोष्ट सुरू होते असं मानतात. तेव्हा भोकरी, फकडी अशा बियांच्या जाती होत्या. पुढे हैदराबादकडची अनाबेशाही आली. आमच्या आजीला भोकरीच आवडायची. बी थुंकायला मिळत नसेल तर द्राक्षं खाल्ल्यासारखं वाटत नाही, म्हणायची.

मग आली थॉम्सन सीडलेस. ही मूळची सुलताना किंवा किशमिश, इराण-तुर्कस्तानाकडची, शेकडो वर्षं जुनी. विल्यम थॉम्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूयॉर्ककडच्या रोपवाटिकेतून तिच्या काड्या मागवल्या. त्याच्या बागेतून ती पसरली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. बिचाऱ्या सुलतानाचं नाव गेलं ते गेलंच.

आता गंमत अशी की बिनबियांच्या वेलाची पेरणी होत नाही. काडी तोडायची, लावायची किंवा कलम करायचं. म्हणजे कॅलिफोर्नियातली, नाशिकमधली, सांगलीतली प्रत्येक थॉम्सन ही एकाच वेलाची लांबवलेली फांदी आहे. आई-बाप-मुलं असा प्रकारच नाही. बी का नाही, तेही आता कळलं आहे. फलधारणा नीट होते, बी धरूही लागतं, पण त्याचं कवच घडत नाही आणि ते मधेच खुरटतं. यामागे एजीएल-११ नावाच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे, असं २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. एका अक्षराच्या चुकीवर जगातला निम्मा बेदाणा उभा आहे म्हणायला हरकत नाही. (निम्मा हा माझा अंदाज, शास्त्रज्ञांचा नव्हे!)

पण फांदीच जर लांबवत राहिलो तर नवीन काही येणार कुठून? इथे तो डोळा कामाला येतो. कोंबाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. त्यातल्या एखादीत जनुक बदललं आणि तिचीच पुढे फूट झाली, तर वेलाची एकच काडी बाकीच्यांपेक्षा वेगळी निघते. मणी लांब, किंवा रंग वेगळा. द्राक्षात तर वरच्या थरातल्या पेशी बदलतात आणि आतल्या तशाच राहतात असंही होतं. अशी काडी हजारो काड्यांत एखादी. ती दिसायला रोज बागेत फिरणारा माणूस लागतो.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉम्सनच्या बागेत अशी एक काडी दिसली. तिची पैदास करून झाली ती तास-ए-गणेश. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांना लांब मण्याची दिसली, ती सोनाका. किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून त्यांनीच शरद सीडलेस निवडली. म्हणजे मामांच्या बागेतल्या दोन ओळी ही बहीण-भावंडंसुद्धा नाहीत, एकाच वेलाच्या दोन काड्या आहेत. जातीची ओळख पटवायला प्रयोगशाळेत डीएनएच्या ज्या नेहमीच्या खुणा तपासतात, त्यांनाही अशा काड्यांत फरक सहसा दिसत नाही. बागाईतदाराला लांबूनच दिसतो. मला हे फार आवडलं.

दुसरी बाजूही आहे. एकच वेल म्हणजे रोगही सगळ्यांना एकच. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस झाला आणि पाठोपाठ डावणीने नाशिकच्या बागांची वाट लावली. मामांनी त्या वर्षी किती फवारलं आणि हाती काय लागलं, याबद्दल ते अजून नीट बोलत नाहीत. डावणीची बुरशी अमेरिकेतली. तिथल्या रानद्राक्षांना तिची सवय आहे, आपल्या युरोप-इराणकडच्या वेलाला नाही. तशी अमेरिका आमच्या बागेत आहेच म्हणा, पण जमिनीखाली. क्षार सोसावेत म्हणून खाली डॉगरिजचा खुंट असतो, टेक्सासच्या रानद्राक्षाचा. वर मात्र तीच नाजूक सुलताना.

मग संकर करा की! पण बिनबियांच्या दोन वेलींचा संकर केला तर बी खुरटतं. त्यावर १९८० च्या दशकात तोडगा निघाला. मण्यातला खुरटायच्या बेतात असलेला गर्भ वेळेवर काढायचा, काचेच्या नळीत पोसायचा आणि रोप करायचं. शिवाय २००७ मध्ये द्राक्षाचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. आता मणी धरायची वाट न बघता रोपाच्या पानावरूनच ते बिनबियांचं निघेल का, याचा अंदाज घेता येतो. पुण्यात मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आघारकर संस्थेने अमेरिकन कॅटॉबाशी संकर करून रसाची एआरआय-५१६ ही जात काढली, ती बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

परदेशातही संकराच्या नव्या जाती निघाल्या. त्यातल्या 'आरा' मालिकेतल्या जाती मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने नाशिकला आणल्या. पण त्या परवान्याच्या. काडी शेजाऱ्याला द्यायची नाही. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा आणि वाटायचा हक्क दिला आहे, आणि शेतकऱ्याने शोधलेली जात त्याच्या नावावर नोंदवायची सोयही केली आहे. परवान्याच्या काडीला मात्र कराराची अट. पंधरा-वीस वर्षं खपून जात काढणाऱ्याला पैसे मिळू नयेत असं मी म्हणणार नाही. तरी मनात येतंच, की हा कायदा यायच्या कितीतरी आधी तास-ए-गणेश आणि सोनाका गावोगाव पोचल्या, त्या हातोहात दिलेल्या काड्यांवर.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चौथ्या ओळीत एक काडी आहे. तिच्या घडाचे मणी दोन वर्षं जरा वेगळे येतायत. लाल दोरा बांधून ठेवलाय. या वर्षी परत बघतो."

जानेवारीत जायचं ठरवतोय. कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.