चौदा, दोन आणि बावीस

घरच्यांना माहीत आहेच, आतेभावाच्या आजारपणात फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. एका रिपोर्टात कंसात दोनच आकडे होते, ८ आणि १४. डॉक्टर म्हणाले, "ही गुणसूत्रं. त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीये." तो आता ठणठणीत आहे, पण ते आकडे काही माझ्या डोक्यातून जाईनात. मग वाचत बसले.

गोष्ट सुरू होते युगांडात. १९५७ साली कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनने जबडा सुजलेलं एक लहान मूल पाहिलं. त्या गाठीला आज त्याचंच नाव आहे. १९७२ मध्ये मानोलोव्ह पती-पत्नींना या गाठीच्या पेशींत १४ व्या गुणसूत्राला जास्तीचा तुकडा चिकटलेला दिसला. तो ८ व्याचा, हे १९७६ मध्ये कळलं. पुढे काही रुग्णांत ८ ची जोडी २ किंवा २२ शी जमलेली सापडली. हीच तीन का? कुणालाच सांगता येईना.

तिकडे दुसरेच लोक अँटिबॉडीची जनुकं शोधत होते. अँटिबॉडीत जड साखळ्या असतात आणि हलक्या. हलक्यांचे दोन प्रकार, कप्पा आणि लॅम्डा. बी-पेशी या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते, हे तोनेगावांनी १९७६ मध्ये दाखवलं (१९८७ चं नोबेल त्याचंच). पण माणसात ती राहतात कुठे? शोधायची युक्ती मला फार आवडली. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र करायची. अशा पेशीतून माणसाची गुणसूत्रं हळूहळू गळून जातात. कुठलं गेल्यावर जनुक जातं ते बघत राहायचं, बस्स! १९७९ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाला जड साखळी १४ वर सापडली. १९८१ मध्ये लॅम्डा २२ वर, १९८२ मध्ये कप्पा २ वर.

तेच तीन आकडे!

१९८२ मध्येच ८ वरच्या तुटीजवळ 'मिक' हे पेशीला वाढायला लावणारं जनुक सापडलं. बी-पेशीत अँटिबॉडीचा कारखाना रात्रंदिवस चालू. त्याच्या शेजारी 'मिक' जाऊन बसलं की तेही थांबत नाही. कापाकापी मुळात आपल्या संरक्षणासाठीच, आणि चूक होते तीही तिथेच..

असो. फाइल अजून माझ्याच कपाटात आहे. आत्या परत मागत नाही.