पेण-रोह्याचा व्यापार आणि समाजमाध्यमे : ओळखीच्या बाजाराकडून अनोळखी बाजाराकडे

प्रस्तावना :

व्यापाराचा इतिहास हा केवळ माल, रस्ते आणि बंदरे यांचा इतिहास नसतो. तो माणसामाणसांतील विश्वासाचाही इतिहास असतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑर्कुट व फेसबुक (दोन्ही २००४) आणि व्हॉट्सअॅप (२००९) ही समाजमाध्यमे उदयास आली. प्रारंभी मनोरंजनाचे साधन मानली गेलेली ही माध्यमे पुढे बाजारपेठ बनली. त्यांचे फायदे-तोटे सांगणारे लेखन विपुल आहे. परंतु ते बहुतांशी महानगरे व मोठ्या कंपन्या यांच्याभोवती फिरते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) पेण-रोहा परिसरातील व्यापाराच्या पारंपरिक संपर्कजाळ्याचे स्वरूप समजून घेणे.
२) समाजमाध्यमांमुळे व्यावसायिक व ग्राहक यांना झालेल्या लाभांचा आढावा घेणे.
३) त्यातून उद्भवलेल्या धोक्यांची व कायदेशीर संरक्षणाची चिकित्सा करणे.

सदर लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पारंपरिक संपर्कजाळे :

पूर्वीचा कुलाबा, म्हणजेच १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, हा मुंबईच्या सान्निध्यामुळे घडलेला जिल्हा आहे. पेणचे भात व मीठ खाडीमार्गे मुंबईस जात असे. कुंडलिकेच्या काठावरील रोहा हे आसपासच्या खेड्यांचे बाजारगाव होते. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि दिवा-पनवेल-रोहा लोहमार्ग यांनी हा संबंध अधिक दृढ केला. कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यापासूनच होतो. १९९८ मध्ये ती संपूर्ण मार्गावर धावू लागली. या सर्व वाटांवरून मालाइतकीच माणसेही गेली. मुंबईतील चाकरमानी हा गाव आणि शहर यांमधील जिवंत दुवा होता. पेणचे पोहे, पापड किंवा गणेशमूर्ती यांची कीर्ती मुंबईस पोहोचली ती जाहिरातीने नव्हे, तर अशा माणसांच्या तोंडून.

पेणची गणेशमूर्तिकला ही शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. शहरासह हमरापूर, जोहे, कळवे, दादर इत्यादी गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सवास सार्वजनिक रूप लाभले आणि मूर्तींची मागणी वाढत गेली. या व्यवसायातील व्यवहाराची रीत मोठी बोलकी आहे. कोकणात घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देणे हीच मागणीची नोंद असे. त्यास पावती नसे. पाट कोणाच्या घरचा हे मूर्तिकारास ठाऊक असे आणि मूर्ती वेळेवर न मिळाल्यास कोणाच्या दारात जावयाचे हे यजमानास ठाऊक असे. थोडक्यात, ओळख हीच हमी होती.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. ओळखीच्या बाजारात नव्या कारागिराला प्रवेश कठीण असे. कच्ची मूर्ती करणारा, तिची रंगकाम व आखणी करणारा आणि ती शहरात विकणारा व्यापारी यांच्या साखळीत ग्राहकाची माहिती शेवटच्या कडीपाशीच राही. अंतिम किंमत किती मिळाली हे हमरापूरच्या कारागिरास कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय ओळखीवरील विश्वासही फसवा ठरू शकतो. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ही बँक गावातलीच, माणसे ओळखीचीच होती. ओळख ही देखरेखीची जागा घेऊ शकत नाही, हा धडा या परिसराने समाजमाध्यमांचा प्रसार होण्यापूर्वीच घेतला होता.

व्यावसायिक व ग्राहक यांना झालेले लाभ :

या परिसरातील बदलास २०१६ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयकप्रणाली सुरू झाली. सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने रोखीच्या व्यवहारास पर्याय शोधणे भाग पडले. जानेवारी २०१८ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस उपलब्ध झाले. छायाचित्र दाखविणे, भाव ठरविणे आणि पैसे स्वीकारणे या तिन्ही गोष्टी एकाच हातातील यंत्रावर होऊ लागल्या.

याचा पहिला लाभ म्हणजे मधल्या कड्यांवरील अवलंबित्व कमी होण्याची शक्यता. पुण्यातील अथवा परदेशातील मराठी कुटुंब थेट कारखानदाराकडे मूर्ती मागवू शकते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उत्सवापूर्वी काही महिने समुद्रमार्गे रवाना कराव्या लागतात; त्यामुळे मागणीचा अंदाज लवकर मिळणे हे कारागिराच्या दृष्टीने भांडवलाइतकेच मोलाचे आहे. दुसरा लाभ महिलांच्या गृहोद्योगांना झाला. पापड, मिरगुंडे, पोहे यांसारख्या वस्तूंना दुकानाचे भाडे न भरता ग्राहक मिळविता येतो.

रोहा तालुक्यात हा बदल पर्यटनात दिसतो. कोलाड येथे कुंडलिकेच्या प्रवाहात राफ्टिंग चालते. भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ते केवळ पावसाळ्यापुरते मर्यादित राहत नाही. एका पर्यटकाने टाकलेली चित्रफीत शेकडो मित्रांपर्यंत जाते आणि परिसरातील घरगुती निवास व खाणावळींना गिऱ्हाईक मिळते. ग्राहकाच्या बाजूने पाहता भावांची तुलना, इतरांचे अभिप्राय आणि तक्रार चारचौघांत मांडण्याची सोय ही नवी शक्ती होय. पूर्वी फसलेला ग्राहक एकटा असे; आता तो इतरांस सावध करू शकतो.

धोक्यांचे स्वरूप :

लाभ ज्या वाटेने आले त्याच वाटेने धोकेही आले. यांतील पहिला धोका खोट्या ओळखीचा आहे. पाट देणाऱ्यास मूर्तिकाराचे घर ठाऊक होते. छायाचित्र पाहून यूपीआयद्वारे विसार भरणाऱ्यास केवळ एक भ्रमणध्वनी क्रमांक ठाऊक असतो. दुसऱ्याच्या कारखान्यातील मूर्तीचे किंवा दुसऱ्याच्या निवासाचे छायाचित्र लावून पैसे घेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अशा फसवणुकीत ग्राहकाचे पैसे जातात आणि ज्याचे छायाचित्र चोरले त्या प्रामाणिक व्यावसायिकाचे नाव जाते.

दुसरा धोका कलाकृतीच्या नकलेचा. नव्या घडणीची मूर्ती मातीत साकारण्यास कारागिराचे अनेक दिवस खर्ची पडतात. तिचे छायाचित्र प्रसृत होताच तशी मूर्ती अन्यत्र घडविली जाऊ शकते. १९५७ चा कॉपीराइट कायदा शिल्पास कलाकृती मानतो. परंतु लहान कारखानदारास न्यायालयीन लढा परवडणारा नसतो. परिणामी छायाचित्र न दाखविल्यास गिऱ्हाईक नाही आणि दाखविल्यास कल्पना सुरक्षित नाही, अशा पेचात तो सापडतो.

तिसरा धोका दिशाभूल करणाऱ्या दाव्यांचा आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न ऐरणीवर आला आणि पुढे तो मुंबई उच्च न्यायालयातही गाजला. ग्राहक शाडूच्या मूर्तीची चौकशी करू लागला. मात्र रंगविलेली मूर्ती शाडूची की प्लास्टरची हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. प्रत्यक्षात मूर्ती उचलून पाहिली तर वजनावरून अंदाज येतो. पडद्यावर तो येत नाही. पर्यावरणविषयक खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ही स्वागतार्ह बाब आहे.

चौथा धोका परावलंबित्वाचा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास ठप्प होते. आपली गिऱ्हाइकांची वही कारखानदाराच्या स्वतःच्या फडताळात असे. समाजमाध्यमावरील गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत असते. या जागेच्या अटी दूर कोठेतरी ठरतात आणि ग्राहकाची खासगी माहिती हेच तिचे भाडे असते. व्हॉट्सअॅपच्या २०२१ मधील गोपनीयता धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

कायदा आणि मुहूर्त :

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणीच तक्रार दाखल करता येते. त्याच महिन्यातील ई-व्यापार नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निराकरण एका महिन्यात करणे बंधनकारक केले. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे. कागदावर ही तरतूद समाधानकारक भासते. परंतु गणेशमूर्ती ही मुहूर्ताची वस्तू आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस मूर्ती घरी आली नाही किंवा खंडित होऊन आली, तर महिन्यानंतर मिळालेल्या परताव्याने ग्राहकाचे समाधान होणार नाही. त्याचप्रमाणे ऐनवेळी रद्द झालेली मागणी कारागिरास वर्षभर सांभाळावी लागते. जुलै २०२० मध्ये करोनामुळे राज्य शासनाने घरगुती मूर्तीस दोन फूट व सार्वजनिक मूर्तीस चार फूट उंचीची मर्यादा घातली. तत्पूर्वी तयार झालेल्या मोठ्या मूर्ती कारखान्यांतच राहिल्या. अशा वेळी जोखीम कोणी सोसावयाची याचा लेखी करार नसल्यास ती साखळीतील सर्वांत दुबळ्या घटकावर येते. शिवाय तक्रार बजावण्यास विक्रेत्याचा पत्ता लागतो आणि नेमका तोच अशा व्यवहारात नसतो.

निष्कर्ष :

१) समाजमाध्यमांनी पेण-रोह्याचे संपर्कजाळे नव्याने निर्माण केले नाही, आधीच्या जाळ्याचा विस्तार केला. मात्र विस्तारताना ओळखीत अनुस्यूत असलेले उत्तरदायित्व मागे राहिले.
२) जुन्या व्यवस्थेत प्रवेश कठीण व जाब विचारणे सोपे होते, नव्या व्यवस्थेत प्रवेश सोपा व जाब विचारणे कठीण झाले आहे.
३) धोक्याचा भार मध्यस्थ माध्यमावर न पडता मुख्यतः लहान व्यावसायिक व ग्राहक यांवर पडतो.

यास्तव व्यावसायिकांनी कारखान्याचा पत्ता, मूर्तीचे साहित्य व मागणी रद्द करण्याच्या अटी छायाचित्रासोबत स्पष्ट नमूद कराव्यात. मूर्तिकारांच्या संघटनांनी सभासदांची खातरजमा केलेली यादी प्रसिद्ध करावी. ग्राहकांनी पावतीविना विसार देऊ नये. स्थानिक महाविद्यालयांतील वाणिज्य व इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ही यादी व जुन्या कारखान्यांच्या वह्यांचे दस्तऐवजीकरण हाती घेतल्यास अभ्यास आणि समाज यांची उत्तम सांगड घातली जाईल. पाटावर घराण्याचे नाव लिहिण्याची गरज नव्हती, कारण गाव लहान होते. आज बाजार मोठा झाला आहे. म्हणून नाव, पत्ता आणि शब्द लिहून ठेवणे अगत्याचे झाले आहे.