अमेरिकेतील दूरचित्रवाणी : परवान्याच्या कागदाचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे यांची अपेक्षा केली जाते. मी मात्र आज एका सरकारी अर्जाचा इतिहास सांगणार आहे. अमेरिकेत एखाद्याला डिजिटल दूरचित्रवाणीचे केंद्र चालवायचे असेल, तर त्याला कोणते कागद भरून द्यावे लागतात, ते कागद कोठून आले आणि त्यांतला कोणता रकाना कोणाच्या उपयोगी पडला, एवढाच माझा विषय. तो रुक्ष वाटेल, हे मला ठाऊक आहे. पण माझी हयात कामगार चळवळीत गेली. शाळा मला फारशी लाभली नाही. जे काही वाचायला शिकलो, त्यातले पुष्कळसे हजेरीपट, पगारपत्रके आणि अपघातांच्या नोंदवह्या चाळतच शिकलो. त्यामुळे भरलेल्या रकान्याइतकाच कोरा सोडलेला रकानाही मी लक्षपूर्वक वाचतो. आजच्या विषयाकडे मी त्याच नजरेने पाहिले आहे.

मुळात परवाना लागतोच कशाला? अमेरिकेत वर्तमानपत्र काढायला सरकारची परवानगी लागत नाही. लहरींची गोष्ट निराळी. एकाच लहरीवर शेजारशेजारची दोन केंद्रे बोलू लागली, की ऐकणाऱ्याच्या पदरी नुसता गोंगाट पडतो. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बोट बुडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने बिनतारी यंत्रांसाठी परवान्याचा कायदा केला. परवाना देण्याचे काम व्यापार व कामगार खात्याच्या मंत्र्याकडे आले. तेव्हा ही दोन्ही खाती एकत्र होती, ही गंमत मी जाता जाता सांगून ठेवतो. पण या कायद्यात एक मोठे भोक होते. अर्ज आला की मंत्र्याने परवाना द्यायचा. नाकारण्याचा अधिकार त्याला जवळजवळ नव्हताच. 1926 मध्ये शिकागोच्या झेनिथ कंपनीने आपल्याला न दिलेल्या लहरीवर बोलायला सुरुवात केली. न्यायालयाने निकाल दिला, की मंत्र्याला तिला अडवता येत नाही. मग काय विचारता! त्या जुलैपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे 200 नवी केंद्रे निघाली, आणि जुन्यांनीही वाटेल त्या लहरीवर, वाटेल तेवढ्या शक्तीने बोलण्याचा सपाटा लावला.

या धांदलीतून 1927 चा कायदा जन्मला. त्यात दोन गोष्टी होत्या आणि पुढचा सारा इतिहास त्या दोहोंभोवती फिरतो. पहिली अशी, की परवान्याने लहर वापरायला मिळते, तिची मालकी मिळत नाही. आणि हा वापरही मुदतीचा. दुसरी अशी, की सार्वजनिक हित, सोय किंवा गरज साधत असेल तरच परवाना द्यायचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. अमेरिकेत हा विचार कायद्यात 1927 सालीच आला होता.

परंतु सार्वजनिक हित म्हणजे कोणाचे हित? याचे उत्तर शिकागोच्या कामगारांना लवकरच मिळाले. तेथल्या कामगार महासंघाने 1926 मध्ये एडवर्ड नॉकेल्स यांच्या पुढाकाराने डब्ल्यूसीएफएल नावाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र काढले होते. नव्या आयोगाची दृष्टी अशी, की हवेत जागा थोडी, तेव्हा ती सर्वसाधारण जनतेची सेवा करणाऱ्यांना मिळावी, विशिष्ट गटांना नव्हे. कामगार हा विशिष्ट गट, आणि जाहिरातींवर चालणारा व्यापारी मात्र सर्वसाधारण! कामगारांच्या केंद्राने सूर्यास्ताला बंद व्हावे असे ठरले. म्हणजे कामगार घरी येऊन यंत्राची कळ फिरवणार, तेव्हा त्याचे केंद्र मुके झालेले असायचे. जास्त वेळ आणि जास्त शक्ती मागणारा त्यांचा अर्ज फेटाळला गेला. ते न्यायालयात गेले आणि 1930 मध्ये तेथेही हरले.

1934 च्या कायद्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे आजचा दळणवळण आयोग, अस्तित्वात आला. अर्जदाराने काय काय सांगितले पाहिजे, हे त्या कायद्यातच घातले आहे : नागरिकत्व, चारित्र्य, आर्थिक कुवत, तांत्रिक पात्रता, केंद्राची जागा, लहर, शक्ती. शिवाय काम दोन टप्प्यांचे ठेवले. आधी बांधकामाची परवानगी, आणि ठरल्याप्रमाणे बांधून झाल्यावर चालवण्याचा परवाना. यामागे व्यवहारी शहाणपण होते. आधी मनोरा उभा करायचा, पैसा ओतायचा आणि मग ‘आता एवढा खर्च झाला, परवाना द्याच’ म्हणून सरकारच्या दाराशी बसायचे, ही वाट त्याने बंद झाली. अनधिकृत माळे चढवून मागाहून नियमित करून घेणाऱ्या आपल्या शहरांतल्या मंडळींना ही युक्ती चांगलीच परिचयाची आहे!

दूरचित्रवाणी आली तेव्हा अर्जांची अशी गर्दी उडाली, की आयोगाने 1948 च्या सप्टेंबरअखेर नवे अर्ज विचारात घेणेच थांबवले. ही बंदी 1952 च्या एप्रिलपर्यंत चालली. बंदी उठली तेव्हा देशभरच्या सुमारे 1,300 गावांना मिळून दोन हजारांवर जागा वाटून दिलेल्या होत्या, आणि त्यांतल्या 242 शिक्षणसंस्थांसारख्या बिनव्यापारी केंद्रांसाठी राखल्या होत्या. आयोगावरच्या पहिल्या स्त्री सदस्य फ्रीडा हेनॉक यांनी त्यासाठी एकसारखी झुंज दिली. कामगारांना 1930 मध्ये जे मिळाले नाही, ते शिक्षकांना 1952 मध्ये मिळाले. आनंद आहे.

आता मी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरी येतो, कारण परवान्याच्या कागदाचे खरे मोल तेथे ठरले. तेथील डब्ल्यूएलबीटी हे केंद्र 1953 पासून चालू होते. मालकी एका विमा कंपनीच्या हातची. केंद्राचे चित्र जेथवर नीट पोहोचे त्या भागात शंभरांत पंचेचाळीस लोक काळे होते. तक्रार अशी, की काळ्यांच्या हक्कांविषयी बोलणारा माणूस देशव्यापी कार्यक्रमात दिसू लागला की येथे पडद्यावर पाटी येई : ‘क्षमा करा, तारेत बिघाड आहे.’ ही 1955 सालची तक्रार. 1957 मध्ये दुसरी आली : वर्णभेदाच्या बाजूचा कार्यक्रम झाला आणि उलट बाजूला वेळ नाकारली. तरी 1959 मध्ये परवान्याचे नूतनीकरण झाले. हे तुरळक प्रसंग आहेत, असे आयोगाचे मत पडले.

1964 मध्ये परवाना पुन्हा नूतनीकरणाला आला. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती संस्थेच्या दळणवळण कचेरीचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी जॅक्सनमध्ये घराघरांत माणसे बसवली आणि मार्चमधला एक संपूर्ण आठवडा केंद्रावर काय दाखवले गेले, याची टिपणे करवून घेतली. कोण दिसले, कोणाला किती वेळ मिळाला, कोणाला काय म्हणून संबोधले, सारे कागदावर उतरवले. तेव्हाचे मिसिसिपी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामातला धोका सांगायला नको. मेडगर एव्हर्स हे काळ्यांचे पुढारी मे 1963 मध्ये याच केंद्रावरून बोलले आणि जूनमध्ये घराच्या अंगणात त्यांना गोळी घातली गेली. टिपणे करणाऱ्यांची नावे म्हणूनच गुप्त राखली गेली.

टिपणे घेऊन एरन हेन्री आणि रॉबर्ट स्मिथ हे स्थानिक काळे पुढारी व ही संस्था आयोगापुढे गेली. आयोग म्हणाला, तुमचा संबंध काय? अर्जाला हरकत घेण्याचा हक्क दोघांनाच : ज्याच्या लहरीत अडथळा येतो तो, आणि ज्याच्या धंद्याचे नुकसान होते तो. म्हणजे हरकत घ्यायची तर तुम्हीही केंद्राचे मालकच असायला हवे. रोज संध्याकाळी जो पडद्यासमोर बसतो, त्याचा काही संबंध नाही! माझ्या उमेदवारीच्या काळात एका कचेरीत मला हेच उत्तर मिळाले होते. यंत्रावर बोटे गेलेल्या मजुरांची यादी घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, तुम्ही कारखान्याचे नोकर नाही, तुमचा संबंध काय.

मार्च 1966 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाचे म्हणणे खोडून काढले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन बर्गर हे काही क्रांतिकारक नव्हते. सनातनी वळणाचे म्हणूनच ते ओळखले जात. त्यांनी सांगितले, की आयोग प्रेक्षकांचे हित एकट्याने सांभाळील ही कल्पना आता टिकण्यासारखी नाही; प्रेक्षकांच्या जबाबदार प्रतिनिधींना हरकत घेऊ दिलीच पाहिजे. आयोगाने चौकशी केली आणि 1968 मध्ये पुन्हा त्याच मालकाला तीन वर्षांचा परवाना देऊन टाकला. जून 1969 मध्ये न्यायालयाने तोही रद्द केला. 1971 मध्ये केंद्राचा कारभार काळ्यागोऱ्यांच्या संयुक्त मंडळाकडे आला, आणि पुढच्या वर्षी विल्यम डिल्डे हे काळे गृहस्थ तेथे सरव्यवस्थापक झाले.

या खटल्याच्याच काळात, 1965 मध्ये, आयोगाने प्रत्येक केंद्राला एक जाहीर दप्तर ठेवण्याचा नियम केला. परवान्याचे अर्ज, मालकीची माहिती असे कागद केंद्राच्या गावीच ठेवायचे आणि कोणीही आला तरी कामाच्या वेळात त्याला पाहू द्यायचे. तोवर हे पाहायला वॉशिंग्टन गाठावे लागे.

यापुढे वारे फिरले. धंदेवाल्यांची ओरड होती, की सरकारी कागदांनी आमचा जीव जातो. ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. लहान गावातल्या केंद्राला वकील आणि इंजिनिअर नेमून अर्ज भरणे जड जातेच. 1980 च्या डिसेंबरात अध्यक्ष कार्टर यांनी कागदपत्र कमी करण्याच्या कायद्यावर सही केली. त्यानुसार कोणत्याही खात्याला जनतेकडून माहिती मागवायची, तर आधी अध्यक्षांच्या अर्थसंकल्प कचेरीची मान्यता आणि एक क्रमांक घ्यावा लागतो. मान्यता जास्तीत जास्त तीन वर्षांची. तो क्रमांक नसलेला नमुना भरला नाही म्हणून कोणाला शिक्षा करता येत नाही. राजपत्रात आधी जाहिरात द्यायची : किती लोक हा कागद भरतील, प्रत्येकी किती तास लागतील, खर्च किती येईल. या नोटिसा मी वाचल्या आहेत. लिहिणाऱ्याचे तास मोजण्यासाठी त्यांत ठरलेला रकाना आहे. वाचणाऱ्याला काय मिळाले ते मोजायला तसा रकाना नाही.

1981 मध्ये नूतनीकरणाचा अर्ज पोस्टकार्डाएवढा झाला. त्यात प्रश्न पाच. 1984 मध्ये दूरचित्रवाणी केंद्रांची रोजच्या कार्यक्रमांची नोंदवही ठेवण्याची सक्तीही गेली. मुदत तीन वर्षांवरून पाचावर आणि 1996 मध्ये आठावर नेली.

मग डिजिटल आले. 1997 मध्ये आयोगाने प्रत्येक चालू केंद्राला जुन्या चॅनेलखेरीज दुसरे चॅनेल दिले, डिजिटलसाठी, आणि तेही फुकट. जुने चॅनेल 2006 अखेर परत द्यायचे ठरले होते. ते प्रत्यक्षात 12 जून 2009 ला बंद झाले. छोट्या, कमी शक्तीच्या केंद्रांना 2021 च्या जुलैपर्यंत वेळ मिळाली. या काळात प्रत्येक केंद्राला परवान्याची सारी वाट पुन्हा चालावी लागली. व्यापारी केंद्राने बांधकामासाठी 301 क्रमांकाचा नमुना भरायचा, बिनव्यापाऱ्याने 340, आणि बांधून झाल्यावर दोघांनीही 302. लहरींतून दुसरा धंदा करून पैसे मिळवले तर त्या मिळकतीचे शंभरांत पाच सरकारला द्यायचे, त्याचा कागद वेगळा.

मला त्यातले 301 मधले एक कलम सर्वांत मोलाचे वाटते. मनोऱ्याच्या टोकावरचा अँटेना मोठ्या शक्तीने लहरी फेकतो आणि त्या लहरींनी माणसाचे शरीर तापते. म्हणून अर्जदाराला लिहून द्यावे लागते, की मनोऱ्यावर कोणी चढले असता, त्याच्या रक्षणासाठी लागेल तेवढी शक्ती मी कमी करीन किंवा प्रक्षेपण बंद ठेवीन; आणि त्याच जागेवर इतरांची केंद्रे असतील तर त्यांच्याशी जुळवून घेऊन हे करीन. मर्यादा दोन आहेत : कामावरच्या माहीतगार माणसासाठी एक, आणि सर्वसामान्य माणसासाठी या लहरींपुरती पाचपट कडक. डिजिटलच्या घाईत गावोगावी मनोऱ्यांवर जुने अँटेने उतरवून नवे चढवले गेले. ज्या मिनिटाला प्रक्षेपण बंद, त्या मिनिटाला जाहिरातीचे उत्पन्न बंद. दोरावर लटकलेल्या माणसाच्या बाजूने तेथे मालकाची सही असलेला हा एक कागद होता.

2012 पासून जाहीर दप्तरे टप्प्याटप्प्याने संगणकावर आली. आता ती घरबसल्या पाहता येतात. मोठ्या केंद्रांनी या नियमालाही खर्चाच्या नावाने विरोध केला होता. निवडणुकीच्या जाहिरातींचे दर त्यात दिसतात, हे त्यांचे खरे दुखणे होते, असे मला वाटते.

शेवटी एका कागदाची हकीकत सांगून पुरे करतो. जॅक्सनच्या लढ्यातल्या त्याच संस्थेच्या मागणीवरून आयोगाने 1969 मध्ये नोकरभरतीत भेदभाव न करण्याचा नियम केला आणि त्यापाठोपाठ केंद्रांकडून दरवर्षी एक तक्ता मागवायला सुरुवात केली : व्यवस्थापक किती, तंत्रज्ञ किती, कारकून किती, आणि त्यांत स्त्रिया किती व कोणत्या वर्णाचे किती. 395-बी हा त्याचा क्रमांक. न्यायालयांच्या निकालांमुळे 2001 पासून त्याची वसुली थांबली. फेब्रुवारी 2024 मध्ये आयोगाने तो पुन्हा सुरू करण्याचा आणि केंद्रवार प्रसिद्ध करण्याचा हुकूम काढला. प्रसारकांच्या संस्था न्यायालयात गेल्या, आणि मे 2025 मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, असा तक्ता मागण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेलाच नाही म्हणून तो हुकूम रद्द केला. मनोऱ्याची उंची, अँटेन्याची दिशा, अक्षांश आणि रेखांश हे रकाने पूर्वीप्रमाणे भरले जात आहेत.