उघडे मूत्राशय : माळव्यातील एका शस्त्रक्रियेची वाट

मूत्राशयाची एक्स्ट्रॉफी हा जन्मजात दोष आहे. बेंबीखाली पोटाची भिंत जुळलेली नसते. मूत्राशय पुढून उघडे राहते, त्याचे लाल, ओलसर अस्तर बाहेर दिसते आणि लघवी अखंड पाझरते. पुढची कमरेची हाडेही एकमेकांपासून फाकलेली असतात. साधारण 30 ते 50 हजार जन्मांमागे असे एक मूल जन्मते. त्यांत मुलगे अधिक.

शस्त्रक्रियेची कीर्ती माळव्याला जुनीच. धारच्या भोजराजाला गुंगीच्या औषधाने बेशुद्ध करून दोन वैद्यबंधूंनी त्याची कवटी उघडली, असे बल्लाळाचा ‘भोजप्रबंध’ सांगतो. ग्रंथ भोजानंतर कित्येक शतकांनी रचलेला, तेव्हा ही आख्यायिकाच. सुश्रुतसंहितेतली मुतखडा काढण्याची कृती मात्र तपशीलवार आहे. पण खडा काढणे निराळे आणि न जुळलेले मूत्राशय घडवणे निराळे.

युरोपातही आधी पळवाटच शोधली गेली. 1851 मध्ये लंडनच्या जॉन सायमन यांनी मूत्रनलिकांची वाट गुदाशयाकडे वळवली. रुग्ण वर्षभरात दगावला. पुढे ही पद्धत सुधारून रूढ झाली. कपडे कोरडे राहत. पण मूत्रपिंडांना जंतुसंसर्ग होई आणि काही दशकांनी जोडाच्या जागी आतड्याचा कर्करोगही उद्भवे. हा सौदा महागच पडला.

मूत्राशयच बंद करायचे तर फाकलेली हाडे जवळ आणावी लागतात, हे जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी ओळखले. 1942 मध्ये अमेरिकेच्या ह्यू यंग यांनी एका मुलीचे मूत्राशय बंद केल्याचे आणि ती लघवी रोखू शकत असल्याचे नोंदवले. 1970 च्या दशकात शल्यविशारद जेफ्स यांनी टप्प्याटप्प्याची पद्धत बसवली : मूत्राशय, मूत्रमार्ग आणि लघवीवरचा ताबा यांचे काम वेगवेगळ्या वेळी. 1989 मध्ये शल्यविशारद मिचेल यांनी बरेचसे काम एकाच बैठकीत करून दाखवले. पहिल्या दोन-तीन दिवसांत नवजाताची हाडे लवचीक असतात. नंतर ती कापून जुळवावी लागतात आणि मग बाळाचे पाय कित्येक आठवडे बांधून ठेवावे लागतात.

इकडे माळव्यात धार आणि देवास ही पवारांची राज्ये होती. पाश्चात्त्य वैद्यकाचे केंद्र मात्र दोहोंच्या मधले इंदूर झाले. तिथे 1878 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, 1948 मध्ये महाविद्यालय. धारवरून जाणारा इंदूर–अहमदाबाद रस्ता पुढे अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात पोहोचतो. तिथे 2009 पासून स्थानिक आणि अमेरिकी शल्यविशारद एकत्र येऊन हा दोष असलेली मुले तपासतात, शस्त्रक्रिया करतात. अनेक मुले उशिरा आलेली किंवा आधीची शिवण उसवलेली असतात. जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून पाहणे हा या उपक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग, कारण ताबा आला की नाही ते मूल मोठे झाल्यावरच कळते.

पहिले काम मात्र बाळंतपणाच्या खोलीतच होते. नाळेला प्लास्टिकचा चिमटा लावू नये, कारण तो उघड्या अस्तराला घासतो. नाळ दोऱ्याने बांधावी. अस्तरावर स्वच्छ, न चिकटणारे पातळ प्लास्टिक अंथरावे आणि बाळाला त्याच दिवशी बालशल्यविशारदाकडे पाठवावे.