माल आणि मॉल

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून अमरावतीला अम्मीकडे गेलो होतो. नववीतल्या मुलीने हट्ट धरला, "दादीला मॉल दाखवू." अम्मीचं वय पंचाहत्तर. सरकत्या जिन्यापाशी ती थबकली, तेव्हा लिफ्टने वर नेलं. आतली थंड हवा, पांढरे दिवे आणि चकाकती फरशी बघून म्हणाली, "ये बाजार है के दवाखाना?" पुढे एक दुपट्टा तिला आवडला. सवयीने तिने काउंटरवरच्या पोराला विचारलं, "बेटा, कुछ कम करते?" पोरगा हसला आणि किमतीच्या चिठ्ठीवर त्याने बोट ठेवलं. माझी मुलगी लाजून दुसरीकडे बघू लागली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. शब्द भेटला की त्याचं गाव विचारायची खोड आहे. 'माल' अरबीतून आलेला. 'मॉल'चा त्याच्याशी काही संबंध नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये मोगरीने चेंडू टोलवायचा 'पॉल मॉल' नावाचा खेळ होता. तो जिथे खेळत, त्या लांब रस्त्याला 'द मॉल' नाव पडलं. पुढे फिरायच्या जागेला आणि शेवटी दुकानांच्या इमारतीला ते चिकटलं.

आपल्या बाजाराची भाषा मात्र आपण सगळ्यांनी मिळून केली. बाजार, खरेदी, तराजू फारसीतून आले. किंमत, वजन, नफा, दलाल, हमाल, सराफ अरबीतले. ग्राहक आणि व्यापारी संस्कृतातले. उधारसुद्धा संस्कृत 'उद्धार'वरून आलेला. अमरावतीच्या इतवाऱ्यातला 'इतवार' माझ्या उर्दूच्या वर्गात मुलं रोज फळ्यावर लिहितात, आणि तो मूळचा 'आदित्यवार'. इथे दोन्हींकडच्या माणसांनी इतका सौदा केला की शब्द कोणाचे, हे विचारायचं राहून गेलं.

हा बाजार नेहमी मोकळा होता असंही नाही. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून इथल्या धनिक व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी निजाम सरकारने 1807 मध्ये अमरावतीचा परकोट बांधायला घेतला. 20 ते 26 फूट उंचीची दगडी भिंत, सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. जवाहर गेटखालून जाताना आपण मान वर करून बघत नाही, पण एकेकाळी पैसा आणि माल याच भिंतीआड सुरक्षित असे. तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. 1867 मध्ये अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. कापसाचा मोठा व्यापार तटाबाहेर वाढला. आज तयार कपड्यांचा ठोक बाजारही शहराबाहेर, नागपूर महामार्गाकडे सरकला आहे.

अम्मीला जी घासाघीस येते, तिचीही एक काळी बाजू होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस, त्या शेतकऱ्याला आकडा कळायचाच नाही. 1886 मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्यात इंग्रजांना मँचेस्टरसाठी चांगल्या कापसाची चिंता होती हे खरं. तरीही उघड भाव ही गरिबाच्या फायद्याची गोष्ट आहे, हे वऱ्हाडाने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलं. मॉलमधल्या चिठ्ठीला म्हणून मी सरसकट नावं ठेवत नाही.

आजच्या बंदिस्त मॉलचा नमुना व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराचा. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू माणूस 1938 मध्ये हिटलरच्या राजवटीतून जीव वाचवून अमेरिकेत गेला. 1956 मध्ये मिनेसोटात त्याचं साऊथडेल उघडलं. त्याला हवा होता व्हिएन्नासारखा चौक, जिथे माणसं बसतील, बोलतील, आणि भोवती घरं, शाळा, दवाखाने असतील. प्रत्यक्षात दुकानं आणि मोटारींचे तळ तेवढे उरले. उतारवयात त्याने या मॉलांचं पितृत्व नाकारलं. आपल्याकडे 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा, असा नियम होता. टीका झाली आणि तो मागे घ्यावा लागला. परकोट नव्हता, दरवाजा मात्र होता.

हे सगळं मी मुलीला परतीच्या ऑटोत सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, मला मॉल आवडतो. तिथे कोणी नाव विचारत नाही."

मी गप्प झालो. 2021 च्या नोव्हेंबरात अमरावतीत संचारबंदी लागली, 2023 च्या मेमध्ये अकोल्यात. दोन्ही वेळा बाजाराची शटर खाली होती. नाव सांगताना आवाज बारीक होतो, तो काळ तिने पाहिला आहे.

ऑटो मी जवाहर गेटकडे घ्यायला सांगितला. अब्बा शिलाईकाम करायचे. अस्तर, बुकरम, बटणं, धागा तिथल्या एका शेठकडून उधारीवर यायचं. शेठ आता थकलेत, मुलगा गल्ल्यावर बसतो. अम्मीला बघून ते उठले, "या भाभी, किती दिवसांनी!" तिने दुपट्टा निवडला, भाव केला, वीस रुपये सोडवले आणि चहा प्यायली. निघताना मुलीला सांगितलं, "संचारबंदीत यांचाच फोन आला होता. घरी पीठ आहे न, विचारत होते."

मुलगी काही बोलली नाही. शेठनी मात्र तिला नाव विचारलं. तिने पूर्ण सांगितलं, आडनावासकट.